लाकडाची दाढी

नदीने टाकून दिलेलं लाकूड माणसं पैसे मोजून घेतात, आणि तेही वजनावर, यावर माझ्या वडिलांचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. त्यांच्या लहानपणी पुरात वाहून आलेलं लाकूड ज्याच्या हाती आधी लागेल त्याचं असे. मोठी खोडं चार जण दोर टाकून काठाला ओढत, आणि बाकीचा झाडोरा वाळला की चुलीत जाई. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात मात्र हेच लाकूड, माशांच्या टाकीत ठेवायला, ‘मलेशियन ड्रिफ्टवुड’ म्हणून तराजूवर चढतं, आणि जितकं वेडंवाकडं तितका त्याचा भाव चढा. सरळ ओंडक्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. जन्मभर वाकून, पिळवटून, मुळांना गाठी मारून जगलेल्या झाडाचं मेल्यावर चीज व्हावं, असा हा एकच बाजार मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक तो तुकडा हातभर लांब धरतं, एक डोळा बारीक करतं, उलटा करतं, पुन्हा सुलटा करतं. दुकानदार म्हणतो, “ताई, हे बघा, हुबेहूब हरणाचं शिंग.” ताईला त्यात पाण्यावर ओणवलेला वड दिसत असतो. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात आणि सौदा होतो.

घरी आल्यावर या लाकडाचे संस्कार सुरू होतात. एरवी फक्त गणपतीत माळ्यावरून खाली उतरणाऱ्या पातेल्यात ते उकळायचं, पाणी चहासारखं तांबूस झालं की ओतून द्यायचं, पुन्हा उकळायचं. मग बादलीत बुडवून, वर दगड ठेवून, ते तरंगायचं विसरेपर्यंत वाट बघायची. लाकडातून उतरणारा तो रंग टॅनिनचा. दक्षिण अमेरिकेत रिओ निग्रोसारख्या नद्या नेमक्या याच रंगाच्या आहेत, ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या कितीतरी छोट्या चमकत्या माशांना असलंच पाणी मानवतं, आणि आपण हौसेने आणतो ते निऑन टेट्रा मूळचे त्याच खोऱ्यातले. म्हणजे माशांना आवडणारा रंग आपण मोरीत ओततो आणि मग त्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून टाकीच्या मागे निळा कागद चिकटवतो. मासे सोशिक, काही बोलत नाहीत. शिवाय त्यांना तरी कुठे नदी ठाऊक? बाजारात येणारे निऑन जवळजवळ सगळे माणसाने टाक्यांत पैदास केलेले. आपल्याकडे शोभेच्या माशांच्या पैदाशीचं मोठं आगर म्हणजे चेन्नईतलं कोळत्तूर. आडनावात गाव असलेल्या, पण ते गाव कधी न पाहिलेल्या माणसाचं त्या गावाशी जेवढं नातं, तेवढंच या माशांचं ॲमेझॉनशी.

तर असा हा सगळा देखावा. पाणी महापालिकेचं, वाळू पोत्यातली, सूर्य एलईडीचा, वारा पंपाचा. आणि एके दिवशी लाकडाच्या टोकाला काळसर मखमल दिसू लागते. आधी वाटतं, सावली असेल. मग ती सावली वाढते, तिला केस फुटतात, आणि फिल्टरमधून येणाऱ्या धारेत ते केस असे संथ डोलू लागतात, की जणू कुणी वृद्ध तपस्वी पाण्याखाली बसून, ओठ न हलवता, आपल्याच एखाद्या जुन्या विचाराला होकार देतो आहे. मत्स्यप्रेमी लोकांत या शेवाळाला ‘ब्लॅक बिअर्ड’ म्हणतात आणि त्याचं नाव घेताना आवाज खाली आणतात, एखाद्या घरातल्या दिवाळखोरीबद्दल बोलावं तसा. हिरवं शेवाळ काचेवरून कापडाने पुसलं जातं. हे पुसलं जात नाही. आणि ते उगवतं कुठे, तर बहुतेकदा फिल्टरचं पाणी जिथे येऊन लाकडावर आपटतं तिथे, कारण त्याचं खानदान वाहत्या ओढ्यांतल्या दगडांना धरून जगणारं. इतका खर्च करून, इतकं लाकूड उकळून आपण जो नदीचा आभास उभा करतो, त्याला साऱ्या टाकीत हा एकच जीव फसतो. मासे फसत नाहीत, पाहुणे फसत नाहीत. शेवाळ म्हणतं, अरे वा, ओढा! आणि आपण ब्रश घेऊन निघतो ते नेमके त्याच्यावरच.

आमच्याकडे टाकी आली माझ्या मुलाच्या हट्टाने. मुलगा वसतिगृहात राहायला गेला आणि ती आजोबांकडे गेली. घरदार, दागिने, मधुमेह हे वारशाने वरून खाली येतात. मासे आणि कुत्री मात्र खालून वर जातात. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. प्रवरेच्या कालव्यावर त्यांची उमेदीची वर्षं गेली. आवर्तन कधी सुटणार, कुठल्या चारीला किती दिवस पाणी, शेपटाच्या शेतकऱ्यापर्यंत ते पोचलं की मधल्यांनीच मुरवलं, आणि रात्री कुणी कुणाचं दार हळूच वर उचललं, या प्रश्नांवर त्यांनी जेवढा विचार केला तेवढा आमच्या लग्नांवर केला नसेल. दोन आवर्तनांच्या मधे कालवा कोरडा पडला की गाळ उपसायचा, झुडपं तोडायची, पाणगवत मुळासकट काढायचं. पाण्याच्या वाटेत उगवलेली कुठलीही हिरवळ त्यांच्या लेखी सरकारी कामात अडथळा. टाकीसमोर खुर्ची ओढून, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी लाकडावरची ती दाढी पहिल्यांदा निरखली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं. कुणीतरी त्यांना कामावर परत बोलावलं होतं.

पहिला उपाय अर्थातच जुना दात घासायचा ब्रश. प्रत्येक मराठी घरात जुन्या ब्रशाला एक दुसरं आयुष्य असतं; कंगवे, नळाच्या कडा, शिवणयंत्राचे दाते असं करत करत तो हळूहळू म्हातारा होतो. लाकूड बाहेर काढून, गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बाबा घासायला बसले. केस निघाले, बुंधे राहिले. हे शेवाळ आपल्या तळाने लाकडाला असं काही कवटाळून बसतं, की घासणाऱ्याच्या हाती फक्त वरची झुलपं येतात, आणि पाण्यातच घासलं तर सुटलेले तुकडे टाकीभर हिंडून नव्या जागी संसार मांडतात. तारेची घासणी लावली तर शेवाळ तिथेच आणि लाकूड मात्र झिजतं, कारण भिजून भिजून त्याचं अंग मऊ झालेलं असतं. दुकानात ‘लिक्विड कार्बन’ नावाची एक बाटली मिळते. तिच्यात बहुधा ग्लुटरअल्डिहाइड असतं. इस्पितळांत उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच. बाबांनी लेबल वाचलं, बाटली फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, “एवढं तर माझ्या ऑपरेशनलाही वापरलं नसेल.”

शेवटी लागू पडलं ते हायड्रोजन पेरॉक्साइड. गुडघा फुटल्यावर आई लावायची आणि जखमेवर पांढरा फेस फसफसायचा, तेच. लाकूड बाहेर काढायचं, दाढीवर ब्रशाने ते लावायचं, पाच मिनिटं थांबायचं, धुवायचं आणि परत पाण्यात. उरलंसुरलं पेरॉक्साइड पाणी आणि प्राणवायू होऊन जातं, मागे वैर ठेवत नाही. आणि मग दोन-तीन दिवसांनी ते काळंकभिन्न शेवाळ रंग बदलू लागतं. पांढरं पडण्याआधी ते चक्क गुलाबी होतं. बाबांना वाटलं, औषधाचा रंग उतरला. खरी गोष्ट अशी, की हे शेवाळ काळं नाहीच. शास्त्राच्या हिशेबात ते लाल शेवाळांच्या कुळातलं. त्याच्यात एक तांबडं रंगद्रव्य असतं, पण हिरवा-निळा असे दुसरे रंगही त्याच्यावर पसरलेले असल्यामुळे जिवंतपणी ते कळत नाही. बाकीचे रंग आधी जातात आणि शेवटी थोडा वेळ त्याचा खरा रंग दिसतो. गॅलरीतल्या वर्तमानपत्रावर मरताना लाजणारं असं काही मी आधी पाहिलं नव्हतं. घासायचा हात थोडा सैल पडतो.

त्यात या लाल कुळाची वंशावळ वाचली आणि मी आणखीच संकोचले. २०१७ साली काही शास्त्रज्ञांनी आपल्या चित्रकूट परिसरातल्या खडकांत सापडलेल्या सूक्ष्म जीवाश्मांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ते खडक सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीचे, आणि ते जीवाश्म त्यांच्या मते लाल शेवाळाचे. त्यातल्या एकाच्या नावातच त्यांनी चित्रकूट घातलं आहे. हे मत टिकलं तर सबंध पृथ्वीवर वनस्पतीसारखं जगणाऱ्या बहुपेशीय जीवांच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा एक. म्हणजे रामाने चित्रकूटला पर्णकुटी बांधली तेव्हा हे तिथले जुने रहिवासी होते. मंदाकिनीच्या काठच्या दगडांवरून सीतामाईने पाय जपून टाकला असेल तर कुठल्या ना कुठल्या शेवाळामुळेच. ज्याने डायनासोर येताना पाहिले आणि जाताना पाहिले, त्याला आपण टूथब्रशने हुसकायला निघालो आहोत, हे वाक्य मी बाबांना ऐकवलं. त्यांनी ब्रश न थांबवता विचारलं, “मग काय, पेन्शन चालू करू?”

आणि आपण त्याला घरात थारा देत नाही असंही नाही. फक्त नाव बदलून देतो. स्वयंपाकघरातल्या डब्यातलं चायना ग्रास हे लाल समुद्री शेवाळापासूनच निघतं. आमच्या सोसायटीत चीक न मिळाल्याने चायना ग्रासचा जो खरवस होतो, ज्याला सगळे ‘अगदी खऱ्यासारखा’ म्हणतात आणि कुणी दुसऱ्यांदा घेत नाही, तो याच घराण्याचा. जपानात भात गुंडाळतात ती नोरीही लाल शेवाळच. तिचं बी कुठून येतं हे शतकानुशतकं कोळ्यांना कळत नव्हतं. उन्हाळ्यात ती दिसेनाशी व्हायची, कधी येई, कधी न येई. कॅथलीन ड्रू-बेकर नावाच्या इंग्रज बाईने १९४९ मध्ये दाखवून दिलं, की मधल्या काळात हे शेवाळ शिंपल्यांच्या कवचात शिरून बारीक धाग्यांच्या रूपात राहतं. मँचेस्टरच्या विद्यापीठात लग्न झालेल्या बाईला अध्यापनाची नोकरी नव्हती, म्हणून त्या बिनपगारी संशोधन करत होत्या. जपानला त्या कधी गेल्याही नाहीत. पण त्यांच्या शोधावर तिथली आजची नोरीची शेती उभी राहिली, आणि कोळ्यांनी त्यांचं स्मारक बांधून दर १४ एप्रिलला त्यांना वंदन करण्याचा पायंडा पाडला. घरातलं कितीतरी काम बिनपगारीच करणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट वाचून शेवाळाबद्दल नाही, तरी बाईंबद्दल भरून आलं. एकाच कुळातल्या एका शाखेसाठी स्मारक आणि दुसरीसाठी पेरॉक्साइड! पण हे तर माणसांच्या कुळांतही चालतंच.

मदतीला प्राणीही मिळतात. सयामीज अल्गी ईटर हा लांबट, अंगावर काळा पट्टा असलेला मासा ही दाढी खाणाऱ्या मोजक्यांपैकी एक. लहान असतो तोवर दिवसभर मान खाली घालून चरतो. मोठा झाला, की त्याला वरून पडणाऱ्या तयार दाण्यांची चटक लागते आणि शेवाळाकडे तो बघतही नाही. बाबांना याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. “रोजंदारीवर होता तोवर राबला,” ते म्हणाले, “आता कायम झाला.” दुकानदार दुसरा नेहमीचा सल्ला देतात तो सकर माशाचा. सकर ही दाढी खात नाही, हे ते सांगत नाहीत. सांगत नाहीत हेही, की बोटाएवढा आणलेला सकर हातभर होतो, मग तो कुणीतरी दयाबुद्धीने तळ्यात किंवा नदीत सोडून येतं, आणि दक्षिण अमेरिकेतला तो चिलखती पाहुणा इथल्या पाण्यात वंश वाढवतो. उजनीच्या मच्छीमारांना विचारा. जाळ्यात तो येतो, काट्यांनी जाळं फाडतो, आणि बाजारात त्याला कुणी घेत नाही. टाकीला नदी करण्याच्या हौसेचं हे दुसरं टोक: नदीची टाकी होते.

सर्वांत कष्टाळू निघाली ती कोळंबी. ताकाशी अमानो हे जपानी गृहस्थ (१९५४-२०१५) या पाण्याखालच्या बागकामाचे पीठाधीश. आधी व्यावसायिक सायकलपटू, मग निसर्गाचे छायाचित्रकार, आणि मग काचेच्या पेटीत रानं उभी करणारे. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी अखेरीस केलेलं पाण्याखालचं अरण्य ४० मीटर लांब आणि १,६०,००० लिटरचं आहे, आणि त्याची निगा राखायला पाणबुडे उतरतात. त्यांच्या टाक्यांचे फोटो बघताना वाटतं, इथे माणसाचा हात लागलाच नाही. हात नसेल लागला. पण त्या देखाव्यामागे कोळंब्यांची फौज होती. पारदर्शक, इंचा-दीड इंचाची ही कोळंबी शेवाळ खाते हे त्यांनी १९८०च्या दशकात हेरलं, आणि आज जगभर तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. जिवंत, दणकट काळी दाढी तिला झेपत नाही. पण पेरॉक्साइडने गुलाबी पडलेली, हरलेली दाढी ती इतक्या नाजूकपणे खुडते, की वाती वळणाऱ्या आजीची बोटं आठवावीत. तिला घाई नसते. एक केस, मग विचार, मग दुसरा केस.

एवढं सगळं करूनही दाढी पुन्हा आली, हे अर्थात बाबांना अपेक्षितच होतं. कालव्यावर त्यांनी एक गोष्ट पुरेपूर पाहिली होती: गवत उपटणारा मजूर दर हंगामाला लागतो, पण तेच गवत तिथेच का येतं हे पाण्याला विचारावं लागतं. त्यांनी टाकीला विचारलं. आमच्या टाकीचा दिवा सकाळी देवपूजेपासून रात्रीच्या मालिका संपेपर्यंत जळत असे, कारण त्याच्या उजेडात दिवाणखाना बरा दिसतो. शिवाय येणारा-जाणारा प्रत्येक जण चिमूटभर दाणे टाकून पुण्य जोडत असे. मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढंच खातात. बाकी तळाशी जाऊन कुजतं, आणि शेवाळाला त्याचंच जेवण होतं. बाबांनी टायमर आणला आणि दिव्याचं आवर्तन ठरवलं: दिवसाला सहा तास, त्यापुढे एक मिनिट नाही. दाण्यांचा डबा कपाटात गेला. आठवड्याला थोडं पाणी बदलण्याची पाळी कालनिर्णयच्या चौकटींत बारीक अक्षरात नोंदली जाऊ लागली, तारखेखाली, संकष्टीच्या शेजारी. मुलाने वसतिगृहातून फोनवर काळजी केली, “आजोबा, मासे उपाशी नाही ना राहत?” आजोबा म्हणाले, “ते बघतो मी. तू मेसमध्ये काय खाल्लंस ते सांग.”

दाढी आता पूर्वीसारखी धावत नाही. पेरॉक्साइड क्वचित लागतं. मधूनमधून लाकूड बाहेर येतं, वर्तमानपत्र पसरलं जातं आणि ब्रश चालतो. बाबांचा हात अलीकडे थोडा थरथरतो. पण गंमत बघा, घासण्याच्या कामात ती थरथर अडथळा होत नाही, उलट उपयोगीच पडते. मागच्या बाजूला एका फाट्यावर मात्र दाढी तशीच झुलत असते. मी म्हटलं, “बाबा, तेवढं राहिलं.” म्हणाले, “राहिलेलं नाही, ठेवलंय.” मग खूप दिवसांनी त्यांच्या तोंडून कालव्याची एक गोष्ट निघाली. वरचे साहेब तपासणीला येत ते जीपने, रस्त्याच्या अंगाने. पलीकडचा काठ त्यांच्या नजरेत कधी येत नसे. तिथली करंजाची झुडपं दर वर्षी तोडली असं वहीत लिहिलं जाई आणि ती दर वर्षी तिथेच असत, कारण त्यांच्या ओणवलेल्या फांदीवर एक खंड्या येऊन बसायचा. इतक्या वर्षांत खात्याची फसवणूक म्हणून त्यांनी केली ती एवढीच. सांगून झाल्यावर त्यांनी लाकूड टाकीत ठेवलं, दाढीची बाजू भिंतीकडे करून, आणि कोळंब्या लगेच तिकडे निघाल्या.

तुमच्याकडे टाकी असेल तर लाकूड घासायला घेण्याआधी दिवा सहा तासांवर आणा. मेडिकलमध्ये मिळणारं पेरॉक्साइड बहुधा सहा टक्क्यांचं असतं, त्यात तितकंच पाणी घाला, आणि कोळंबी असेल तर ते टाकीत ओतू नका, लाकूड बाहेर काढूनच लावा. सकर आणू नका. आणलाच असेल तर नदीत सोडू नका, दुकानदाराला परत द्या. आणि लाकडाची मागची बाजू घासायची तसदी घेऊ नका. तपासणीला तिथवर कुणी येत नाही.